वाखाला ‘क्षार’ की ‘अल्क’?

प्रबंधाचा मराठी सारांश लिहिणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: अंबाडी आणि घायपाताचे तंतू, म्हणजे वाख, कॉस्टिक सोडा या अल्कलीच्या द्रावणात भिजवतात, त्याला ‘क्षारप्रक्रिया’ म्हणू का?

मी तरी म्हणणार नाही. हिंदीत ते चालतं, कारण तिथे क्षार म्हणजे अल्कली आणि मिठाच्या जातीचे पदार्थ म्हणजे लवण. आपल्या शाळेत मात्र आम्ल, आम्लारी (बेस), क्षार असं त्रिकूट शिकवतात आणि त्यातला क्षार मिठाच्या जातीचा. ‘बोअरच्या पाण्यात क्षार फार’ म्हणतो तोही हाच. मराठीतून दहावी केलेल्याला वाटेल, वाख मिठाच्या पाण्यात घातला होता! पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीला पाठ्यपुस्तकात ‘अल्क’ म्हटलंय. तेव्हा अल्कप्रक्रिया.

गंमत अशी, की मूळ अर्थ हिंदीनेच जपलाय. सुश्रुताचा क्षार वनस्पती जाळून त्यांच्या राखेतून काढलेला, कातडी पोळणारा. अल्कलीच्या मुळाशी असलेला अरबी शब्दही राखेचाच. आपल्याकडे तो अर्थ पापडखारात आणि सज्जीखारात उरलाय. खाऱ्या दाण्यांत मात्र निव्वळ मीठ.

या प्रक्रियेला ‘मर्सरायझेशन’ही म्हणतात, पण तो शब्दही सरसकट नको. जॉन मर्सर या इंग्रज कापड-रसायनतज्ज्ञाने 1850 मध्ये पेटंट घेतलं ते मुख्यतः सुतासाठी. तीव्र कॉस्टिकमध्ये कापसाचा चपटा, पिळलेला तंतू फुगून गोलसर होतो, रंग जास्त पितो. चकाकी येते ती सूत ताणून धरल्यावर, आणि ते पुढे होरेस लो याने दाखवलं. क्रोशाच्या रिळावर ‘मर्सराइज्ड’ छापतात ते हेच.

वाखाचं काम बहुधा बऱ्याच सौम्य द्रावणात, पाच टक्क्यांच्या आसपास होतं. हरभऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की दाणा लवकर मऊ होतो, कारण पेशी धरून ठेवणारं पेक्टिन सुटतं. इथेही पेक्टिन, मेण, हेमिसेल्युलोज आणि थोडं लिग्निन (हे पेशीभिंतीतले घटक) निघून जातं, जुडी मोकळी होते, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि वाख ज्यात घालतात ते रेझीन (राळेसारखं चिकट द्रव्य) त्याला घट्ट धरतं. सोडा जास्त झाला तर हरभऱ्याचा लगदा होतो. वाखही तसाच कमजोर पडतो.

आणि शीर्षकात ‘वनस्पतिजन्य नैसर्गिक तंतू’ कशाला? ‘अंबाडी व घायपाताच्या वाखावर अल्कप्रक्रियेचे परिणाम’ एवढं पुरे. वाख कारखान्यात थोडाच पिकतो!