ऐकायचं, बोलायचं नाही

(गाडीच्या वायरिंगबद्दल वाचकांचे प्रश्न. उत्तरं देताहेत सांगलीत तीस वर्षं गॅरेज चालवणारे आमचे वायरमन.)

काका, मी डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी बाबांच्या २०१७च्या हॅचबॅकचं कॅन नेटवर्क (गाडीतले कंट्रोलर ज्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात ते) वाचायला घेतलंय. अर्डुइनो (प्रोग्रॅम घालायचा छोटा बोर्ड) आणि कॅन वाचणाऱ्या एमसीपी२५१५ चिपचा निळा बोर्ड आणला, स्टिअरिंगखालच्या ओबीडी (स्कॅनर लावायच्या) सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांना जोडला. स्क्रीनवर एक अक्षर येत नाही. उलट मीटरवर एबीएसचा दिवा लागला आणि बाबांनी चावी काढून घेतली. आता स्टिरिओमागच्या वायरी सोलून तिथून घ्यावं म्हणतो. चालेल का?
— एक विद्यार्थी, कराड

बाबांनी बरोबर केलं. चावी परत मिळेपर्यंत एक काम कर. त्या निळ्या बोर्डावर चकचकीत पत्र्याची लांबट डबी आहे, तो क्रिस्टल, म्हणजे चिपचं घड्याळ. भिंग घेऊन त्यावरचा आकडा वाच. ८.००० असणार, मी चहाची पैज लावतो. नेटवरचे बरेच तयार प्रोग्रॅम मात्र १६ मेगाहर्ट्झ धरून लिहिलेले असतात. म्हणजे तू मागितलंस ५०० केबीपीएस (सेकंदाला पाच लाख बिट) आणि बोर्ड ऐकत बसला २५०ने. कीर्तन द्रुत लयीत चाललंय आणि हा विलंबित टाळ धरून बसलाय.

नुसता बसला असता तरी चाललं असतं. पण हा चिप साध्या मोडमध्ये असला की त्याला न कळलेल्या प्रत्येक मेसेजवर ओरडतो. कॅनच्या नियमात सलग पाच बिट सारखे आले की सहावा मुद्दाम उलटा घालतात. चूक दिसली की चिप हा नियम मोडून सहा बिट एकसारखे दाबून धरतो. मग तो मेसेज सगळेच टाकून देतात आणि पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवावा लागतो. चुकांची मोजणी १२८वर गेली की हा आपला आवाज बारीक करतो खरा, पण तोवर एबीएसवाल्याचे मेसेज बुडालेले असतात. तुझा दिवा लागला तो बहुधा यामुळेच.

एवढं खात्रीने सांगतोय कारण मी स्वतः हे केलंय. एका डॉक्टरांची सेडान एसीच्या कामाला आली होती. नवा बोर्ड हाताशी होता, हात शिवशिवत होते. लावला. मीटरवर एबीएस, स्टिअरिंग, इंजिन, सगळी दिवाळी. स्कॅनर लावला तर यू०१०० आणि यू०१२१, म्हणजे इंजिनच्या ईसीएमशी (कंट्रोलरशी) आणि एबीएसशी बोलणं तुटलं. बोर्ड काढून कोड पुसेपर्यंत अर्धा तास गेला. डॉक्टरांना चहा पाजला आणि खरं काय ते सांगितलं. त्यांनी पुन्हा गाडी आणली नाही.

आता तुझं काम. आधी बॅटरीची मायनस काढ आणि मल्टिमीटर ओहमवर ठेवून ६ आणि १४च्या मध्ये माप. साठच्या आसपास यायला हवं. वायरीच्या दोन्ही टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात, दोन्ही मिळून साठ. बोर्ड जोडल्यावर चाळीस झालं तर बोर्डावरचा जे१ नावाचा जंपर लागलेला आहे. तो तिसरा १२० आत घुसवतो. काढून टाक. बोर्ड न लावताच १२० दिसले तर कुठलं तरी एक टोक तुटलंय, प्रोजेक्ट बाजूला ठेव आणि आधी गाडी दाखव.

मग बॅटरी जोडून चावी ऑन. ग्राउंडच्या हिशोबाने दोन्ही वायरींवर अडीच व्होल्टच्या आसपास दिसेल, ६ नंबरवर किंचित जास्त, १४वर किंचित कमी. प्रत्यक्षात बोलताना एक साडेतीनवर उडी मारते आणि दुसरी दीडवर उतरते, पण एक बिट दोन मायक्रोसेकंदांचा, मीटर बिचारा सरासरीच दाखवणार. आणि हो, टेस्ट लॅम्प या वायरींना लावायचा नाही. आमच्या पिढीला जिथे तिथे बल्बची सुई खुपसायची सवय, तिने ईसीएम गेलेले मी पाहिलेत.

प्रोग्रॅममध्ये क्रिस्टल ८ कर आणि चिप लिसन-ओन्ली मोडवर ठेव. या मोडमध्ये तो ओरडत नाही, मेसेज पोचल्याची पावतीसुद्धा देत नाही. तरीही शुकशुकाट असेल तर समज की सॉकेट आणि आतल्या नेटवर्कमध्ये गेटवे, म्हणजे मधला दारवान, बसवलाय. तो न विचारता काही सांगत नाही. मग लिसन-ओन्ली सोडून रीतसर विचारावं लागतं, पण स्पीड आणि जंपर तपासल्यावरच. गाडी उभी असताना ७डीएफ या आयडीवर ०२ ०१ ०सी पाठव, म्हणजे इंजिनचे फेरे किती हा प्रश्न. इंजिन ७ई८वरून उत्तर देईल, समजा ०४ ४१ ०सी ०सी ८०. शेवटचे दोन आकडे घे. ते हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीत असतात, ०सी म्हणजे १२ आणि ८० म्हणजे १२८ : १२ गुणिले २५६ अधिक १२८, भागिले ४. झाले ८०० आरपीएम. इंजिन आयडलवर आहे. हे बहुतेक गाड्यांना सारखं असतं, कारण ते नियमाने ठरलंय.

आतलं बोलणं मात्र प्रत्येक कंपनीचं वेगळं आणि ते कोणी छापत नाही. तिथे खरी मजा. लॅपटॉपवर लिनक्सचं कॅनस्निफर लावलं की जो बाइट बदलतो तो रंगाने उठून दिसतो. मी हेल्परला सीटवर बसवतो आणि ओरडतो, "दाब... सोड... दाब." शेकडो आकडे नाचत असतात, पण एका ओळीत ००चं २० होतं, सोडलं की परत ००. पाच वेळा दाबलं, पाचही वेळा तेच. तो ब्रेकचा स्विच. स्टिअरिंग फिरवलं की दोन बाइट जोडीने सरकतात, उजवीकडे चढतात, डावीकडे उतरतात. वहीत तारीख घालून लिहून ठेव. दुसऱ्या दिवशी वही उघडलीस की कळेल निम्मं चुकलंय.

स्टिरिओमागच्या वायरी सोलू नकोस. त्या एकमेकींना पीळ घालून आणलेल्या असतात, तो पीळ बाहेरचा गोंगाट मारतो. त्याच मापाच्या कपलरचा जोडहार्नेस मिळतो, तो मध्ये घाल. तुझी वायर वीतभरच ठेव. आणि चालत्या गाडीत हे करायचं नाही, बाबा शेजारी बसले तरी.

आमच्या गाडीला मिस्टरांनी ओबीडीत खोचायचा ट्रॅकर बसवला. तेव्हापासून सुट्टीत गावाला जाऊन आलं की गाडी सेल्फच मारत नाही. बॅटरी नवी आहे.
— शिक्षिका, इचलकरंजी

मॅडम, गाडी लॉक केल्यावर आतले कंट्रोलर एकेक करून झोपतात. ट्रॅकरने नेटवर्कला डिवचत राहिलं तर कोणीच झोपत नाही. बॅटरीच्या मायनसच्या वायरीला डीसी क्लँपमीटर लावायला सांगा. लॉक करून अर्धा तास थांबून बघा. पन्नास मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. ३०० दिसले तर ३५ अँपिअर-अवरची बॅटरी अडीच दिवसांत अर्धी होते, सेल्फला तेवढं पुरत नाही. मग ट्रॅकर काढून पुन्हा मोजा. फरक पडला तर तो सॉकेटमधून उपटा आणि मिस्टरांना नुसत्या १२ व्होल्टवर चालणारा आणायला सांगा.

हेडलाइट काढून गाडी चोरतात असं वाचलं. अफवा आहे ना?
— निवृत्त बँक कर्मचारी, मिरज

अफवा नाही, साहेब. २०२२मध्ये लंडनला इयन टेबर नावाच्या सुरक्षा-संशोधकाचीच टोयोटा राव४ अशी गेली. आधी बंपर आणि हेडलाइटची वायर ओढलेली सापडली, त्यांना वाटलं पोरांचा उपद्व्याप. हेडलाइटही कॅनवरच असतो. बॉशने १९८६मध्ये कॅन जगापुढे मांडलं तेव्हा वायरीवर परका माणूस येईल हे कोणाच्या डोक्यात नव्हतं. त्यामुळे मेसेजवर पाठवणाऱ्याची सही नसते. चोराचं यंत्र "चावी आत आहे" म्हणालं, गाडीने मानलं. स्टिअरिंगला लोखंडी लॉक लावा. जुनाट दिसतं, पण त्याला कॅन नसतं.

मीटरचं किलोमीटर मागे फिरवून द्याल का? पैसे चांगले देतो.
— (नाव, गाव दिलेलं नाही)

नाही.

पुढच्या अंकासाठी लिहिताना गाडीचं वर्ष आणि पेट्रोल की डिझेल ते कळवा. या वेळी चार पत्रं त्यावाचून बाजूला राहिली.