पिशवीचे पैसे लावले तर गिऱ्हाईक तुटतं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. किराणा दुकानात कॅरीबॅगचे दोन-पाच रुपये लावले तर पिशव्यांचा वापर खरंच कमी होतो का, आणि त्यापायी गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं का. माझं सांगलीत गणपती पेठेच्या जवळ वडिलांच्या वेळेपासूनचं किराण्याचं दुकान आहे. तेव्हा काउंटरच्या आतल्या बाजूनं दिसतं ते सांगतो.

आधी कायद्याचं बघा, कारण इथं बरेच दुकानदार घोळ करतात. महाराष्ट्रात 23 मार्च 2018च्या अधिसूचनेनं प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, हँडल असो की नसो. "जाड पिशवी चालते हो" असं होलसेलवाला सांगतो, ते केंद्राच्या नियमातलं 120 मायक्रॉन जाडीचं प्रकरण. राज्याची बंदी त्याच्या वर आहे. सापडलात तर पहिल्यांदा 5,000 रुपये, दुसऱ्यांदा 10,000, आणि तिसऱ्यांदा 25,000 रुपये व तीन महिन्यांपर्यंत कैद. दोन रुपये घेऊन दिली म्हणून प्लास्टिकची पिशवी कायदेशीर होत नाही. पैसे लावायचे ते कापडी किंवा कागदी पिशवीला.

पैसे लावून वापर घटतो का? घटतो. आयर्लंडचा दाखला सगळे देतात. तिथं मार्च 2002मध्ये दर पिशवीमागे 15 सेंट कर लावला आणि माणशी वर्षाला सुमारे 328 पिशव्यांवरून वापर 21वर आला. पुढचा भाग मात्र फारसं कुणी सांगत नाही. लोकांना त्या 15 सेंटची सवय झाली, 2006पर्यंत आकडा पुन्हा 31पर्यंत चढला, आणि 2007मध्ये कर 22 सेंट करावा लागला. शिवाय तो कर गिऱ्हाइकाकडूनच घ्यायचा, पावतीवर वेगळा दाखवायचा, दुकानदारानं "असू दे, मी भरतो" म्हणायचं नाही, असा नियम होता. माझ्या मते सगळी गंमत त्या नियमात आहे.

आपल्याकडेही पैशाचा मार्ग कागदावर होता. केंद्राच्या 2011च्या नियमांत दुकानदारानं पिशवी फुकट द्यायची नाही असं स्पष्ट होतं. 2016च्या नियमांत तर पिशव्या देणाऱ्या दुकानदारानं नगरपालिकेत नोंदणी करून महिन्याला किमान 4,000 रुपये भरायचे होते. 2018मध्ये ते कलमच काढून टाकलं. बाजारात दहा दुकानं असली आणि एकानं जरी फुकट पिशवी दिली, तर उरलेले नऊ जण आठवड्याच्या आत द्यायला लागतात. पातळ पिशव्या किलोवर मिळतात, एक पिशवी काही पैशांत पडते. एवढ्यासाठी गिऱ्हाईक कोण घालवील?

मला विचाराल तर दोन रुपयांनी कुणाचं काही बिघडत नाही. फरक पडतो तो माल भरायच्या आधी तोंडानं "पिशवी आणलीय का?" असं विचारल्यानं. पीठ गिरणीत बघा. तिथं आजवर कुणी कॅरीबॅग मागितलेली नाही. बायका डबा घेऊन येतात, पोरं सायकलला पिशवी अडकवून येतात, कारण गिरणीवाल्यानं कधी दिलीच नाही. रोज येणारं तेच माणूस गिरणीतून माझ्याकडे येतं आणि अर्धा किलो साखरेला पिशवी मागतं. म्हणजे सवय माणसाची नसते, दुकानाची असते.

म्हणून आम्ही पहिलं काम केलं ते पिशव्यांचा गठ्ठा हुकावरून काढायचं. वजनकाट्याशेजारी गठ्ठा लटकत असला की गिऱ्हाईक स्वतःच एक ओढून घेतं, मागायचीही तसदी नाही. तिथं आता कापडी पिशव्या असतात, त्याही काउंटरखाली. त्यांना किंमत न लावता ठेव लावली: 20 रुपये द्या, पिशवी न्या, परत आणली की 20 रुपये हातात. बचत गटाच्या बायका शिवून देतात. यात एक फायदा असा की "पिशवीचेही पैसे घेता होय?" हे वाक्य ऐकावं लागत नाही. निम्म्या पिशव्या परत येत नाहीत, पण मला त्याचं वाईट वाटत नाही. ती पिशवी घरात खुंटीला आहे आणि तिचे पैसे आलेत. ज्यांची महिन्याची खातेवही असते त्यांची ठेव उधारीत मांडू नका, रोखच घ्या. उधारीत गेली की ती पिशवी फुकटच समजायची.

पाटी मात्र दारातच लावा. बिल करताना ऐनवेळी पिशवीचे पैसे जोडणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगानं डिसेंबर 2020मध्ये एका मोठ्या साखळी दुकानाच्या प्रकरणात ठरवलंय. आत येतानाच माणसाला कळायला हवं.

आता पिशवी कसली घ्यायची. बाजारात जी "कापडासारखी" रंगीत, मऊसर पिशवी मिळते, ती बहुतेक वेळा कापड नसतेच, पॉलिप्रॉपिलिन असतं, म्हणजे प्लास्टिकच. शंका आली तर कोपऱ्याचा छोटा तुकडा कापून काडी लावा. सुती कापड असलं तर जळून राख होते, कागद जळल्यासारखा वास येतो. ही प्लास्टिकची पिशवी आक्रसते, वितळते आणि टोकाला कडक मणी धरतो.

नवं कोरं सुती कापड आणून पिशव्या शिवण्याच्याही मी फारसा बाजूचा नाही. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याच्या 2011च्या अभ्यासाप्रमाणे नवी सुती पिशवी 131 वेळा वापरली तर कुठं ती तापमानवाढीच्या हिशेबात एकदाच वापरलेल्या पातळ पिशवीच्या बरोबरीला येते. कापूस पिकवण्यापासूनचा खर्च त्यात धरलेला असतो. जुन्या सुती साडीची, पडद्याची, शर्टाची पिशवी असली तर तो हिशेब लागूच होत नाही, कापड आधीच घरात आहे. फक्त सिंथेटिक साडी घेऊ नका, ती शिवणीतून निसटते, आणि पाच किलो तांदूळ भर रस्त्यात सांडले की बाई पुन्हा कॅरीबॅग मागते. पिशवी धरायचे बंद दुहेरी पट्टीचे आणि तळापर्यंत शिवत नेलेले हवेत. आजीच्या काळची वायरची पिशवीही उत्तम. ती प्लास्टिकची आहे हे मलाही कळतं, पण दहा वर्षं टिकते, नळाखाली धुता येते. याबाबतीत मी सोवळं पाळत नाही.

खरी अडचण ओल्या मालाची आहे, आणि कापडी पिशवीचे प्रचारक तिथं गप्प बसतात. दही, पनीर, मटण, मासे, चिखलासकट आलेली मेथी. कापडात टाकलं की पिशवी घरी जाईपर्यंत खराब. आयर्लंडनंही सुटी भाजी, मांस, मासे यांच्या पिशव्यांना करातून सूट दिली होती. दह्यासाठी मी "डबा आणा, वजनात डब्याचं वजन वजा करतो" असं सांगतो. डबा आधी रिकामा ठेवून काटा शून्यावर आणायचा, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत. हे न दाखवता केलं तर संशय येतो. भाजीला जाळीची पिशवी चालते. मटणवाल्याच्या काळ्या पिशवीवर मला अजून तोड सापडलेली नाही.

गिऱ्हाईक तुटतं का, तर थोडं तुटतं. वाटेत थांबून गाडीवरून न उतरता "दोन किलो साखर द्या की हो, पिशवीत घालून" म्हणणारं पहिलं जातं. महिन्याचं सामान भरणारं घर जात नाही, त्यांना दर आणि उधारी महत्त्वाची. तुमच्या ओळीत किराण्याची आणखी दोन-तीन दुकानं असतील तर आधी त्यांच्याशी बोला आणि सगळ्यांनी एकाच तारखेला सुरू करा. गौरी-गणपती किंवा दिवाळीच्या तोंडावर मात्र नको, त्या गर्दीत "पिशवी आणलीय का?" विचारायला कुणाला वेळ नसतो. पगार झाल्यानंतरचा आठवडाही टाळा. महिन्याच्या मधला एखादा मंगळवार-बुधवार बरा, दुकान रिकामं असतं आणि प्रत्येकाला दोन मिनिटं समजावून सांगता येतं.