डिसेंबरात कॅलेडियमची सगळी पानं गळून गेली. झाड मेलं का?

नाही, बहुतेक जिवंत आहे. कॅलेडियम हे अळूच्या कुळातलं, मूळ दक्षिण अमेरिकेतलं कंदाचं झाड. थंडी पडली की पानं माना टाकतात आणि कंद मातीत झोपतो. दरवर्षी माझ्या कुंड्यांचंही हेच होतं. घात होतो तो 'सुकलं बिचारं' म्हणून पाणी घालत राहिल्याने! पाणी बंद करा, माती कोरडी झाली की कंद उकरून अंगठ्याने दाबून बघा. बटाट्यासारखा टणक लागला तर उत्तम. माती झटकून कोरड्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) किंवा कागदात गुंडाळून घरातच ठेवा. फ्रिजमध्ये मात्र नको, १५ अंशांखालची थंडी त्याला सोसत नाही. एप्रिल-मेमध्ये कंदाचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, वर करून दोन इंच खोल लावा, पाणी बेताचं. कोंब यायला तीन-चार आठवडेही लागतात, रोज उकरून बघू नका. कंद लिबलिबीत होऊन वास मारत असेल तर मात्र तो गेला. आणि हो, दिसायला अळू असलं तरी हे खायचं नाही. लहान मुलं, मांजरं यांच्यापासून लांबच ठेवा.