भावंडांचे हिस्से घेण्यासाठी एवढं मोठं लोन काढू का?

ताई नमस्कार, पत्रात सगळे आकडे मोकळेपणाने दिलेत ते फार बरं केलंत, असल्या प्रश्नात आकडे झाकले की सल्ला देणाऱ्याचा काही उपयोग होत नाही. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात सांगतो. आजोबांनी लावलेली बारा हेक्टरची द्राक्षबाग, तिथेच स्वतःची वाइनरी, लेबलवर घराण्याचं आडनाव. वडील बहात्तरचे, आता थकलेत. ताई गेली सतरा वर्षं तिथेच राबतायत, छाटणीपासून बॉटलिंगपर्यंत सगळं त्याच बघतात आणि पगार म्हणून जेमतेम घरखर्चापुरतं उचलतात. धाकटा भाऊ नोकरीत, बहीण परदेशात, दोघांना बागेत यायचं नाहीये पण हिस्सा हवाय. वडिलांना तीन सारखे वाटे करायचेत. त्यात एका मोठ्या कंपनीने अख्खी इस्टेट नावासकट मागितलीये, आणि दुसरीकडे बँक म्हणतेय की जमीन तारण ठेवा, दोन्ही हिस्से घेण्याएवढं लोन आम्ही देतो. प्रश्न असा की लोन काढू की विकून मोकळी होऊ.

माझं मत आधीच सांगतो, ते लोन काढू नका. आणि विकायचीही घाई नको, मधला रस्ता आहे, जरा किचकट आहे पण तुमच्या आकड्यांत बसतो.

हिशोब सोपा जावा म्हणून सगळ्या इस्टेटीची किंमत १०० धरू. तुमच्या व्हॅल्युएशनप्रमाणे त्यातली जमीन ७०, आणि इमारत, मशिनरी, बॅरल्स, सेलरमधला (वाइन मुरवायच्या तळघरातला) माल आणि ब्रँड मिळून ३०. सगळा खर्च जाऊन सरासरी वर्षाला हातात उरतात ३, आणि आई-बाबांचा खर्चही अजून त्या तिनातूनच निघतो. आता भावंडांचे दोन वाटे म्हणजे ६७. ८ टक्क्याने घेतलं तर नुसतं व्याजच सव्वापाच होतं, मुद्दल पकडून पंधरा वर्षांत फेडायचं म्हटलं तर वर्षाला पावणेआठ. कमाई तीन आणि हप्ता पावणेआठ! बँकेला हे दिसत नाही असं नाही, पण बँकेकडे जमीन तारण आहे, त्यांचे पैसे कुठल्याही परिस्थितीत निघतात. रात्रीची झोप जाणार ती तुमची.

हे फक्त तुमच्याच बागेचं दुखणं नाहीये हेही लक्षात घ्या. वाइनच्या चांगल्या जमिनीची किंमत तिच्या उत्पन्नावर कमी आणि नावावर, जागेवर, हौसेने विकत घेणाऱ्या श्रीमंतांवर जास्त ठरते, त्यामुळे कागदावर कुटुंब गडगंज आणि खात्यात मात्र ट्रॅक्टर दुरुस्तीलाही विचार करावा लागतो असं जगभर दिसतं. अशा जमिनीचा वाटा बाजारभावाने, व्याजाच्या पैशाने, त्याच जमिनीच्या उत्पन्नातून फेडणं जवळजवळ कुठेच जमत नाही.

आता एक गोष्ट जी तुम्ही पत्रात अगदी ओझरती लिहिलीये पण मला सगळ्यात जास्त तीच खटकली. "बाबांनी गेली नऊ वर्षं नवीन लावणी केली नाही." ताई, इथे थांबा जरा. द्राक्षाची वेल शंभर वर्षंही जगू शकते हे खरं, पण धंद्याच्या हिशोबाने बहुतेक बागांमध्ये तीसेक वर्षांनी उत्पादन घटतं, मर वाढते आणि तो प्लॉट उपटून पुन्हा लावावा लागतो. म्हणजे बारा हेक्टरला दरवर्षी साधारण ०.४ हेक्टर नवीन लावणी चालू हवी. नवीन वेल पहिलं कामाचं पीक द्यायला तीन वर्षं घेते, त्यामुळे नीट सांभाळलेल्या बागेत कुठल्याही वर्षी दहा टक्के जमीन बिनउत्पन्नाची असतेच, तो खर्च कायमचाच. तुमच्याकडे नऊ वर्षांचे साडेतीन हेक्टरच्या वर साचलेत, जवळजवळ तीस टक्के बाग. वडिलांवर टीका नाही यात, वारस ठरेना म्हटल्यावर बहुतेक जण असेच हात आखडते घेतात. पण त्याचा अर्थ असा की तुमचे ते तीन खरे तीन नाहीत, गेल्या नऊ वर्षांचा लावणीचा खर्च न केल्यामुळे ते तीन दिसतायत. व्हॅल्युएशन करणाऱ्याला हे सांगितलंय का? नसेल तर पुन्हा करून घ्या, प्लॉटवार वेलींचं वय लिहून. भावंडांशी बोलताना हा कागद पुढे ठेवला की किंमत कमी का धरायची हे वेगळं समजवावं लागत नाही.

कॅलिफोर्नियात १९८० नंतर हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. तिथल्या नापा या वाइनच्या भागात एएक्सआर-१ नावाचा खुंट (ज्याच्या मुळांवर वेलीचं कलम करतात तो) सगळीकडे वापरला होता, फायलोक्सेरा ही मुळं खाणारी कीड त्याला लागली आणि हजारो एकर बागा उपटून नव्याने लावाव्या लागल्या. ज्यांच्याकडे राखीव पैसा नव्हता त्यांना एकतर कर्ज नाहीतर बाहेरचा भागीदार. पुनर्लावणीचा फंड नसलेली बाग पुढच्या पिढीला देणं म्हणजे गळकं छप्पर रंगवून घर देण्यासारखं आहे.

दुसरा अडकलेला पैसा सेलरमध्ये. इटलीत बरोलो या वाइनला कमीत कमी ३८ महिने मुरवावंच लागतं, स्पेनमधल्या रिओहाच्या ग्रान रेझर्व्हा वाइनला पाच वर्षं, तुमच्यावर असा नियम नसेल पण तुमची रेड तुम्ही तीन वर्षं धरता म्हणजे तीन तोडण्यांचा मजुरीचा, बाटल्यांचा, बॅरलचा पैसा आत बसलेला. आणि २२५ लिटरचं चांगलं ओकचं बॅरल तीन-चार वेळा वापरलं की लाकडाचा गुण संपतो, नवीन आणावं लागतं. म्हणून "उत्पादन वाढवून लोन फेडीन" हे तुमचं गणित मला पटत नाही. उत्पादन वीस टक्के वाढवलं तर खर्च यंदा वाढतो आणि पैसे तीन वर्षांनी येतात, हप्ता मात्र पुढच्याच महिन्यापासून सुरू.

आणि विकणार कोणाला? ओआयव्ही या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातला वाइनचा खप १९६१ नंतरचा सगळ्यात कमी होता. फ्रान्समधल्या बोर्डोसारख्या वाइनच्या नावाजलेल्या ठिकाणी २०२३ मध्ये सरकारी पैसे देऊन वेली उपटायची योजना काढावी लागली. चांगली, नावाजलेली छोटी वाइनरी यातही टिकते, मी घाबरवत नाहीये, पण जमिनीचे भाव चढतच राहतील असं धरून कर्ज काढायचा हा काळ नाही. हवामानाचं तर बोलायलाच नको, एप्रिल २०२१ च्या एका थंडीच्या लाटेने फ्रान्सभरच्या बागांचे कोंब जाळले होते. कुठलाही प्लॅन करताना लागोपाठ दोन वर्षं पीक अर्धं आलं तर काय हे आधी लिहून बघा, तुमचं लोन त्या परीक्षेत पहिल्याच वर्षी नापास होतं.

मग करायचं काय.

जमीन आणि धंदा वेगळे करा. हाच माझ्या सगळ्या सल्ल्याचा गाभा आहे. फ्रान्समध्ये १८०४ च्या नेपोलियनच्या कायद्याने मुलांना सारखा वाटा आला, आणि तिथल्या बर्गंडी या वाइनच्या भागात पिढ्यानपिढ्या बागांच्या पट्ट्या होत गेल्या. क्लो द वूजो ही एका भिंतीच्या आतली पन्नासेक हेक्टरची प्रसिद्ध बाग, आज तिचे ऐंशीच्या आसपास मालक आहेत. त्यावर तिथल्या कुटुंबांनी काढलेला एक उपाय म्हणजे जमिनीचीच एक कौटुंबिक कंपनी करायची, भावंडांना जमिनीच्या पट्ट्यांऐवजी त्या कंपनीचे शेअर द्यायचे, आणि जो प्रत्यक्ष बाग करतो त्याला ती जमीन लांब मुदतीच्या भाडेकराराने द्यायची. जमीन एकसंध राहते, हिस्सा सगळ्यांना मिळतो, आणि कसणाऱ्याला उद्या कोणी हाकलू शकत नाही. तुमच्याकडे हे कंपनीतून करायचं की ट्रस्टमधून हे तिथल्या कायद्यावर आणि वारसा कराच्या नियमांवर आहे, त्यासाठी वकील आणि टॅक्सवाला दोघांनाही एकाच टेबलावर बसवा, वेगवेगळं विचारलंत तर दोघं वेगवेगळं सांगतील.

तुमच्या आकड्यांत बघू. खालचा अडीच हेक्टरचा प्लॉट, ज्याची द्राक्षं तुम्ही तशीही दुसऱ्यांना विकता, तो विका. त्याची किंमत ९ धरलीये तुम्ही. त्यातले ६ भावंडांचेच आहेत, तुमचे ३ पण त्यांनाच देऊन टाका आणि ते धंद्याच्या वाट्यात वळते करा. टॅक्स लागेल तो वेगळा. राहिलेली ६१ ची जमीन कौटुंबिक कंपनीत, तिघं समान. तुम्ही त्या कंपनीला वर्षाला एक टक्का भाडं द्यायचं, म्हणजे ०.६, आणि आई-बाबा आहेत तोवर हे भाडं त्यांना, त्यांचा खर्च तिथून निघेल आणि म्हातारपणी मुलांकडे हात पसरायची वेळ यायची नाही. त्यांच्यानंतर त्यातले दोन तृतीयांश भावंडांना. धंदा, म्हणजे ते ३०, पूर्ण तुमच्या नावावर. त्यात भावंडांचे कागदावर २० होतात, पण तुमची सतरा वर्षं? बाहेरचा मॅनेजर ठेवला असता तर किती पगार घेतला असता आणि तुम्ही किती घेतला, हा फरक वर्षवार मांडा. हे मागताना संकोच करू नका ताई, सारखं वाटप आणि न्याय्य वाटप यात हाच फरक असतो, आणि ब्रँडची आज जी किंमत आहे त्यातली बरीच तुमच्या हाताने आलीये. त्यातून २० चे १४ ठरले असं धरू, प्लॉटमधले ३ वजा, राहिले ११. ते बारा वर्षांच्या हप्त्यांत, वर्षाला ०.९ च्या आसपास, आणि ज्या वर्षी पीक निम्म्याखाली गेलं त्या वर्षी हप्ता पुढे ढकलायची सोय लिहून ठेवा. एकूण झाले दीड. उरलेल्या दीडमधून लावणी आणि राखीव. प्लॉट गेल्याने उत्पन्न थोडं घटेल म्हणून हात आवळूनच राहावं लागणार, पण बाग चालू राहते.

भावंडांच्या बाजूनेही विचार करा, कारण अशा इस्टेटी बहुतेक वेळा आतूनच फुटतात. बोर्डोची शातो दिकेम ही प्रसिद्ध वाइन इस्टेट लुर-साल्युस घराण्याकडे १७८५ पासून होती. १९९६ मध्ये घरातल्याच बऱ्याच जणांनी आपले शेअर एलव्हीएमएच या महागड्या ब्रँड्सच्या बड्या कंपनीला विकायचं ठरवलं, इस्टेट चालवणारा भाऊ कोर्टात गेला, आणि १९९९ मध्ये ताबा कंपनीकडे गेलाच. ज्याच्याकडे हिस्सा आहे पण ना त्यातून पैसा येतो ना तो कुणाला विकता येतो, तो माणूस किती वर्षं गप्प बसेल? म्हणून करारात हे हवंच: शेअर विकायचा झाला तर आधी घरात विचारायचं, किंमत कुठल्या सूत्राने काढायची ते आजच ठरवून टाकायचं, आणि घरच्यांनी किती महिन्यांत पैसे द्यायचे तेही. दरवर्षी हिशोब भावंडांना पाठवा, त्यांनी न मागता.

नापातल्या मोंदावी या वाइनवाल्या घराण्याचंही बघा. रॉबर्ट आणि पीटर या भावांचं १९६५ मध्ये बिनसलं, रॉबर्टने १९६६ मध्ये स्वतःची वाइनरी काढली, पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या. रॉबर्टची कंपनी जगप्रसिद्ध झाली, १९९३ मध्ये शेअर बाजारात गेली, आणि २००४ मध्ये कॉन्स्टलेशन या मोठ्या दारू कंपनीने एक अब्ज डॉलरच्या वर देऊन घेतली, त्याचं नावही तिच्याबरोबर गेलं. पीटरकडे राहिलेली घरची जुनी वाइनरी चार्ल्स क्रुग मात्र त्याच्या कुटुंबाकडेच आहे. तुमच्या ऑफरमध्ये आडनाव फुकटात धरलंय असं दिसतं. उद्या तुमच्या मुलीला स्वतःची वाइन काढावीशी वाटली तर तिला तिचंच नाव लेबलवर छापता येणार नाही, एवढं नीट वाचून घ्या.

विका असं मी कधी म्हणेन? भावंडं हप्ते आणि भाडं दोन्हीला ठाम नाही म्हणाली तर. किंवा नवीन व्हॅल्युएशननंतर खरी शिल्लक दीडच्याही खाली निघाली तर. किंवा तुम्हालाच मनातून थांबायचं असेल तर, आणि त्यात कमीपणा काही नाही, पत्रात एका ठिकाणी तुम्ही "दमलेय" लिहिलंयत ते मी वाचलंय. मुलं पंधरा आणि अकराची आहेत, त्यांना करायचंय की नाही हे आज कळणार नाही, त्यांच्या नावाने हा निर्णय घेऊ नका. भाडेकराराची मुदत धाकटं पंचविशी ओलांडेल इतपत ठेवा, मग तेव्हा तेच ठरवतील.

दोन कामं मात्र लगेच. एक, स्वतःचा टर्म इन्शुरन्स, उरलेल्या हप्त्यांएवढा, कारण ही सगळी योजना तुमच्या दोन हातांवर उभी आहे. दोन, हे सगळं वडील असताना, त्यांच्या समोर, त्यांच्या सहीने. ते गेल्यावर हाच कागद भावंडांना बहिणीची चाल वाटेल, आज तो बाबांचा शब्द आहे.

कंपनीने उत्तराला दोन महिने दिलेत आणि ते नेमके तोडणीत येतायत. त्यांना पत्र टाका की तोडणी संपल्यावर आणि नवीन व्हॅल्युएशन हातात आल्यावरच बोलू, आणि त्याच पत्रात विचारून ठेवा की फक्त खालचा प्लॉट घेण्यात त्यांना रस आहे का.