चेंबर ऑपेरा म्हणजे ‘लघुसंगीतिका’ नव्हे

प्रश्न : जर्मन संगीतकार उडो झिमरमान यांच्या ‘वायसे रोझे’ला (पांढरा गुलाब) ‘चेंबर ऑपेरा’ म्हणतात. त्याला मराठीत ‘लघुसंगीतिका’ म्हणावं का?

उत्तर : अजिबात नको. ऑपेराला ‘संगीतिका’ रुळला आहे, तो ठेवा. पण हे ‘लघु’ हल्ली जिथे तिथे चिकटवतात, जाणकार म्हणवणारेसुद्धा, आणि ते साफ चूक आहे. इटालियन संगीतकार पुच्चीनीची ‘जानी स्कीकी’ (१९१८) तासाभरात आटोपते, पण तिचा वाद्यवृंद भरगच्च. ती चेंबर ऑपेरा नाही. इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटनची ‘द रेप ऑफ लुक्रीशिया’ (१९४६) चांगली दोन अंकी, वादक अवघे तेरा, ती आहे. घड्याळ कशाला बघता, माणसं मोजा! ‘वायसे रोझे’च्या १९८६ मधल्या हाम्बुर्गच्या नव्या रूपात दोन गायक आणि पंधरा वादक आहेत. हिटलरविरोधी पत्रकं वाटताना म्युनिक विद्यापीठात पकडलेले हान्स आणि सोफी शोल ही भावंडं, २२ फेब्रुवारी १९४३, शिरच्छेदाआधीचा तास. तिथे शंभर वाद्यं काय करणार?

आपल्याकडे फडाची लावणी वेगळी, बैठकीची वेगळी. हा भेद लांबीचा नाही, समोर बसून ऐकण्याचा आहे. म्हणून माझं मत ‘बैठकीची संगीतिका’. ‘कक्ष-संगीतिका’ला शासकीय परिपत्रकाचा वास येतो.

पण खरी गंमत ‘चेंबर’मध्ये आहे. ग्रीक ‘कमारा’ म्हणजे कमानदार छत. लॅटिनमध्ये त्याचं ‘कामेरा’ झालं आणि छताचा अर्थ सरकत खोलीवर आला. त्यातून जर्मन ‘कामर’, इंग्रजी ‘चेंबर’, आणि पोर्तुगीज ‘कामरा’वरून आपला ‘कमरा’. ‘कमरा’ फारसी असल्याचं ठासून सांगणाऱ्यांनी पोर्तुगीज काळातल्या गोव्याची ‘कामरा मुनिसिपाल’, म्हणजे नगरपालिका, आठवावी. फोटोचा कॅमेरासुद्धा मुळात ‘कामेरा ओब्स्क्युरा’, अंधारी खोली.

आणि याच घरातला ‘कॉम्रेड’! स्पॅनिशमध्ये एका खोलीत राहणारे सैनिक ते ‘कामारादा’. तोच शब्द फ्रेंचमधून जर्मनमध्ये ‘कामेराड’ झाला. ‘वायसे रोझे’ हे नाव ज्या हिटलरविरोधी गटाचं, त्यातले हान्स शोल, अलेक्झांडर श्मोरेल, विली ग्राफ हे वैद्यकीचे विद्यार्थी १९४२ च्या उन्हाळ्यात सैनिक म्हणून रशियन आघाडीवर एकत्र होते, म्हणजे शब्दशः कामेराड. त्यांच्या गटाच्या नावाची संगीतिका ‘कामर-ओपर’ (चेंबर ऑपेराला जर्मन शब्द) ठरावी, हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो. ‘चेंबर’मधला हा खोलीचा अर्थ भाषांतरात गमावू नये असं वाटण्याचं खरं कारण तेच.

तरीही ‘कॉम्रेड हा रशियन शब्द’ असं व्यासपीठावरून ऐकावं लागतं. रशियनमध्ये ‘तवारिश’ म्हणतात. त्याचं मूळ बहुतेक भाषाविद तुर्की मानतात, आणि ‘तवार’ म्हणजे माल. तो शब्द व्यापाऱ्यांच्या तांड्यातला. खोलीशी त्याचा संबंध नाही.