टॉवेलच्या कारखान्याने निसर्गाचा हिशेब कसा मांडावा?

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा लहान कारखाना आहे, माग आमचे आणि रंगाईही आमचीच. परदेशी खरेदीदाराने पाठवलेल्या प्रश्नावलीत ‘तुमचा व्यवसाय निसर्गावर किती अवलंबून आहे व त्याचा निसर्गावर काय परिणाम होतो’ असे विचारले आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र जोडले तर पुरणार नाही का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : संमतीपत्र अवश्य जोडा, मात्र त्यातून कारखान्याबाहेर काय पडते एवढेच कळते, कारखाना कशाच्या जिवावर चालतो ते कळत नाही. खरेदीदाराला दोन्ही हवे आहे. व्यवसायाचे निसर्गाशी असलेले नाते कसे जाहीर करावे हे सुचवणाऱ्या टीएनएफडी या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या शिफारशी जाहीर केल्या. त्यांतील ‘लीप’ पद्धतीत आधी ठिकाण पाहायचे, मग अवलंबित्व व परिणाम तपासायचे, त्यानंतर जोखीम आणि संधी जोखायच्या आणि शेवटी उपाय व अहवाल तयार करायचा, असा क्रम आहे. माझ्या मते तुमच्यासाठी पहिली पायरीच सर्वांत मोलाची आहे, कारण एक लिटर पाण्याचे मोल कोकणात आणि सोलापुरात सारखे नसते. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी धरणाचा साठा उणे ५० टक्क्यांच्याही खाली, म्हणजे मृत साठ्यात खोलवर, गेला होता. त्या दिवसांत तुमची रंगाई किती पाळ्या बंद राहिली आणि टँकरवर किती खर्च झाला, हे तुमच्या वहीत असेलच. अवलंबित्वाचा तोच सर्वांत भक्कम पुरावा आहे.

परिणामाच्या बाजूला रंगापेक्षा मिठाकडे अधिक लक्ष द्या. रिअॅक्टिव्ह (सुती धाग्याशी पक्का जोडला जाणाऱ्या) रंगाच्या गडद छटेसाठी लिटरला ६० ग्रॅम मीठ घातले आणि एका किलो मालाला दहा लिटर द्रावण धरले, तर किलोमागे ६०० ग्रॅम मीठ लागते. ते धाग्यात राहत नाही, जवळजवळ सगळे धुवणाच्या पाण्यात उतरते. ईटीपीतील, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेतील, जैविक प्रक्रियेने सेंद्रिय भार कमी होतो, विरघळलेले मीठ मात्र तसेच पुढे जाते. ते वेगळे काढायचे तर आरओ आणि बाष्पीभवनाची सोय लागते. असे पाणी जमिनीत मुरले, तर आसपासच्या बोअरचे पाणी खारे होत जाते. बोअरचे पाणी जड झाले की बॉयलरसाठी सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारे यंत्र) अधिक चालवावा लागतो, आणि सॉफ्टनर पुन्हा कामाला आणायलाही मीठच लागते. म्हणून अवलंबित्व आणि परिणाम वेगवेगळ्या तक्त्यांत न टाकता पाण्याच्या एकाच नोंदीत समोरासमोर लिहावेत, असा माझा आग्रह आहे.

सुताविषयी सूतगिरणीकडून कापूस कोणत्या भागातला आणि तो जिरायती की बागायती, एवढे लेखी मागवा. उत्तर आले नाही तर ‘माहिती मिळाली नाही’ असेच भरा. बॉयलरमध्ये लाकूड जळत असेल, तर ते कोणत्या शिवारातून तोडून येते हे पुरवठादाराला विचारा. नान्नजच्या माळढोक अभयारण्याचा उल्लेख अहवाल भारदस्त दिसावा म्हणून करू नका. लाकूड त्या माळरानाच्या बाजूने येत असेल, तरच तो विषय तुमचा आहे.

प्रश्नावली भरण्यापूर्वी महिनाभर रोजच्या पाळीनुसार बोअर, नळ व टँकरचे पाणी, रंगवलेल्या मालाचे किलो, मिठाची पोती आणि ईटीपीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) लिहून ठेवा. शक्य असेल तर त्यासाठी मे महिना निवडा, म्हणजे वर्षातली सर्वांत ओढाताणीची स्थिती नोंदीत येईल.