छत्री ठेवावी की उतरवावी?

वाचकांचे प्रश्न

डीटीएचची छत्री, केबल आणि फायबर यांतलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, याबद्दल आलेल्या पत्रांना या वेळी एकत्र उत्तरं देत आहोत.

आमच्या सोसायटीतल्या बहुतेक छत्र्या दोन-तीन वर्षांत उतरल्या. चित्र तर अजूनही स्वच्छ येतं. मग लोक का सोडतायत? – एक वाचक, कोथरूड

चित्राला कंटाळून छत्री उतरवणारे फार थोडे. खरी अडचण अशी, की छत्रीचा रस्ता एकेरी आहे. 35,786 किलोमीटरवरचा उपग्रह सगळ्या देशावर तोच सिग्नल सोडतो आणि तुमच्या घरातून वर काहीच जात नाही. त्यामुळे दहा घरं जोडा नाहीतर एक कोटी, आकाशातला खर्च तेवढाच. 2003 मध्ये डिश टीव्ही, 2006 मध्ये टाटा स्काय (आताचं टाटा प्ले) आणि 2008 मध्ये एअरटेल आलं, तेव्हा हेच त्यांचं बळ होतं. मुंग्या येणारी केबल पाहत बसलेल्या घरांना छत्रीने पहिल्यांदा स्वच्छ चित्र दाखवलं.

आता तेच बळ आड येतं. 36 मेगाहर्ट्झच्या एका ट्रान्सपाँडरमधून (उपग्रहावरच्या एका प्रक्षेपकातून) साधारण 60 ते 70 एमबीपीएस जातात. एका एचडी वाहिनीला 6 धरले तर दहा-अकरा वाहिन्या झाल्या, त्याही अख्ख्या देशात मिळून. फायबरच्या नेहमीच्या जीपॉन पद्धतीत एका पोर्टवर सुमारे 2.5 जीबीपीएस येतात आणि ते 32 किंवा 64 घरांत वाटले जातात. चौसष्टही घरांनी एकदम वापरलं तरी घरटी 39 एमबीपीएस पडतात. म्हणून हवा तो कार्यक्रम हवा तेव्हा फायबरवर मिळतो. छत्रीच्या बॉक्सला त्यासाठी शेवटी इंटरनेटच जोडावं लागतं, आणि ते घरात आलं की दोन-दोन बिलं कशाला, असा विचार सुरू होतो. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या आकडेवारीत पैसे भरून पाहणारे डीटीएच ग्राहक मार्च 2024 अखेर सुमारे 6.2 कोटी होते, मार्च 2025 अखेर 5.7 कोटी उरले. सगळे फायबरकडे गेलेले नाहीत. बरेच जण दूरदर्शनच्या फुकट फ्री डिशकडे वळले, हे विसरू नये.

जून लागला की आमची छत्री दिवसातून चारदा बंद पडते. शेजारची केबल मात्र चालू असते. मोठी छत्री बसवू का? – एक वाचक, देवगड

आधी कारण पाहू. डीटीएच केयू बँडवर येतं, म्हणजे 11-12 गिगाहर्ट्झच्या आसपास. तिथे लहरीची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर असते. पावसाचे टपोरे थेंब ती शोषतात आणि विखुरतात. तुमच्या शेजारची केबलही मुळात उपग्रहावरूनच येते. केबलवाल्यांच्या मुख्य केंद्रावर कित्येक फुटी मोठ्या छत्र्या असतात आणि त्या सी बँडवर, 4 गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात. तिथली लहर सात-साडेसात सेंटिमीटरची, तिला पाऊस फारसा अडवत नाही.

60 सेंटिमीटरच्या जागी 90 सेंटिमीटरची छत्री लावली तर क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं, सिग्नल साडेतीन डेसिबलने वाढतो. कोकणातल्या मुसळधार सरीत नुकसान याहून कितीतरी जास्त होतं. त्यामुळे मोठ्या छत्रीने मध्यम पावसातली ये-जा थांबेल, जोराच्या सरीत पाच-दहा मिनिटं जाणार ती जाणारच.

पण चारदा बंद पडणं हे निव्वळ पावसाचं काम वाटत नाही. बहुतेक वेळा कोरड्या दिवशीच सिग्नल काठावर असतो आणि पाऊस शेवटचा धक्का देतो. म्हणून मे महिन्यात, ऊन असताना, एवढं करून घ्या:

सेट-टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये सिग्नलचं पान उघडा. तिथे स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी असे दोन आकडे असतात. क्वालिटी पाहा. स्ट्रेंग्थ भरपूर आणि क्वालिटी कमी असेल तर छत्रीची दिशा हललेली आहे. दोन्ही कमी असतील तर वायर, जोड किंवा एलएनबी (छत्रीसमोरच्या दांडीवरचा, सिग्नल पकडणारा भाग) तपासा.

एलएनबीला लागलेला एफ-कनेक्टर (वायरीच्या टोकाचा आट्यांचा जोड) सोडवून बघा. मधली तांब्याची तार काळी-हिरवी पडली असेल, किंवा तिच्याभोवतीची धातूची जाळी ओलसर लागली, तर तिथपासून दीड-दोन फूट वायर कापून टाका आणि नवा कनेक्टर लावा. नुसता पुसून पुन्हा बसवू नका. पाणी जाळीतून केशिकेसारखं आत ओढलं जातं आणि वायरभर पसरतं. जोडावर साधी इन्सुलेशन टेप उन्हात सुटते. स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून, खालून वर गुंडाळा. एलएनबीपाशी वायरीला खाली लोंबणारा एक झोल ठेवा, म्हणजे पाणी कनेक्टरकडे न जाता झोलाच्या तळातून गळेल.

एलएनबीच्या तोंडावरची प्लॅस्टिकची टोपी उन्हाने तडकलेली असेल तर एलएनबी बदला. वायर आरजी-6 हवी, आणि छत्रीपासून टीव्हीपर्यंत 30 मीटरच्या आत. मध्ये जोड नको.

एक खूण लक्षात ठेवा. निम्म्या वाहिन्या दिसतात आणि निम्म्या मुळीच नाहीत, असं झालं तर पावसाला बोल लावू नका. बॉक्स वायरीतून 13 व्होल्ट पाठवून उभं ध्रुवीकरण (उभ्या दिशेने कंप पावणाऱ्या लहरी) मागतो आणि 18 व्होल्ट पाठवून आडवं. गंजलेल्या जोडावर व्होल्टेज पडलं की एलएनबी अठराचे तेरा समजतो आणि आडव्या बाजूच्या साऱ्या वाहिन्या जातात.

स्वच्छ ऊन असतानाही मार्चमध्ये दुपारी बाराच्या सुमाराला काही मिनिटं चित्र जातं. तंत्रज्ञ येईपर्यंत परत येतं. – एक वाचक, पुणे

तंत्रज्ञाला बोलावू नका. वर्षातून दोनदा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या रेडिओ गोंगाटात सिग्नल बुडतो. पुण्याच्या अक्षांशावर हे 12 मार्चच्या आणि 1 ऑक्टोबरच्या आगेमागे चार-पाच दिवस होतं. 83 अंश पूर्वेच्या उपग्रहासाठी वेळ बाराच्या आसपास येते, 93.5 अंशाच्या उपग्रहासाठी अकराच्या आसपास. त्या क्षणी छत्रीकडे पाहिलंत तर परतलेलं ऊन एलएनबीच्या तोंडावर गोळा झालेलं दिसेल. छत्रीची दिशा अचूक असल्याचाच तो पुरावा आहे, तिला हात लावू नका.

छत्री, केबल आणि फायबर यांच्या बिलांची तुलना कशी करायची? जाहिरातीतला आकडा आणि हातात येणारं बिल जुळत नाही. – एक वाचक, लातूर

वाहिन्यांच्या बिलात दोन भाग असतात. एक जोडणीचं भाडं, म्हणजे एनसीएफ, आणि दुसरा पैसे देऊन घेतलेल्या वाहिन्यांचा. 2019 च्या नियमांनी एनसीएफला 130 रुपयांची मर्यादा होती, 18 टक्के जीएसटी धरून 153 रुपये 40 पैसे. जुलै 2024 मध्ये ट्रायने ती मर्यादा काढली. त्यामुळे तुमच्या कंपनीचा आजचा एनसीएफ किती, हे बिलात स्वतंत्र शोधा. मग वाहिन्यांची यादी घेऊन बसा आणि गेल्या महिन्यात घरात कुणीच न लावलेल्या वाहिन्यांवर काट मारा. कंपनीने परस्पर सुचवलेल्या पॅकपेक्षा एखादा मराठी पॅक आणि दोन-तीन सुट्या वाहिन्या अनेकदा स्वस्त पडतात.

फायबरच्या जाहिरातीत जीएसटी बहुधा धरलेला नसतो. 399 चा प्लॅन 470 रुपये 82 पैशांना पडतो. त्यात टीव्हीच्या वाहिन्या आहेत की नुसतं इंटरनेट, हे आधी विचारा. वाहिन्या असतील तर कंपनीच्या बॉक्सवर येतात की एखाद्या ॲपवर, तेही विचारा. घरात फक्त एक टीव्ही आणि दोन मालिका एवढीच गरज असेल, मोबाइलचा डेटा पुरत असेल, तर फायबर घेऊन खर्च वाढतो. शाळा-कॉलेजची मुलं किंवा घरून काम करणारं कुणी असेल तर इंटरनेट घ्यावंच लागतं, आणि मग छत्रीचा रिचार्ज जादाचा ठरतो.

डीटीएच कंपन्यांना स्वस्त होणं अवघड का जातं, तेही सांगायला हवं. ट्रान्सपाँडरचं भाडं त्यांना ग्राहक घटले तरी द्यावंच लागतं. शिवाय समायोजित उत्पन्नाच्या 8 टक्के परवाना शुल्क त्यांच्यावर आहे, जे केबलवर नाही आणि ओटीटीवरही नाही. तीच वाहिनी, तेच घर, आणि हे शुल्क मात्र एकावरच. आमच्या मते हा सरळ अन्याय आहे. ट्रायनेही 2023 मध्ये हे शुल्क 3 टक्क्यांवर आणून 2026-27 नंतर शून्य करावं अशी शिफारस केली होती.

फायबरवर मॅच पाहतो. शेजारच्या छत्रीवाल्या घरातून आधी आरडाओरडा ऐकू येतो, मग आमच्याकडे विकेट पडते. नेट 100 एमबीपीएस आहे! – एक वाचक, नाशिक

वेग वाढवून हे जाणार नाही. उपग्रहाची वरखाली फेरी पाव सेकंदाची. ॲपवर मात्र चित्राचे काही सेकंदांचे तुकडे होतात, ते सर्व्हरवर चढतात, आणि अडखळू नये म्हणून ॲप चार-पाच तुकडे आधी साठवून मग दाखवतं. त्यातून 20 ते 40 सेकंदांचा उशीर होतो. 2023 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात एका ॲपवर एकाच वेळी 5.9 कोटी प्रेक्षक होते. ॲपला त्या प्रत्येकासाठी वेगळा प्रवाह सोडावा लागतो. छत्रीला एकच पुरतो. थेट खेळासाठी छत्री अजूनही सरस आहे.

गावात फायबर आलं, पण वीज दिवसातून दोनदा जाते. डीटीएच काढून टाकावं का? – एक वाचक, जुन्नर तालुका

अजून नाही. निदान एक पावसाळा दोन्ही ठेवा.

इन्व्हर्टर असेल तर छत्रीला टीव्ही आणि बॉक्स एवढ्यालाच वीज लागते. फायबरला घरातलं ओएनटी (फायबरची काच जिथे येऊन जोडली जाते ती पेटी) आणि राउटर चालू हवं, आणि पुढची साखळीही. म्हणून जोडणारा आला की एक प्रश्न विचारा: फायबरची काच थेट माझ्या घरात येणार, की खांबावरच्या पेटीतून लॅनची वायर येणार? थेट काच असेल तर मधल्या स्प्लिटरला (एका काचेतला प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या भागाला) वीज लागत नाही, कंपनीच्या केंद्रात बॅटरी असली की झालं. पेटीत स्विच असेल तर त्या खांबाची वीज गेली की तुमचं नेट गेलं, घरात कितीही मोठा इन्व्हर्टर असो.

ओएनटीसाठी 12 व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. त्यावर 10,000 एमएएच लिहिलेलं असलं तर 10-12 वॅटचं यंत्र अडीच-तीन तास चालतं. घेताना ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या.

ओएनटीवर एलओएसचा लाल दिवा लागला तर काच तुटली आहे किंवा जास्त वाकली आहे. बांगडीपेक्षा लहान वळण कुठेही नको. खिडकीच्या फटीत, दाराच्या कोपऱ्यात, कपाटामागे आधी पाहा. तंत्रज्ञाला काचेतल्या प्रकाशाची ताकद मोजणारा मीटर लावायला सांगा आणि आकडा लिहून ठेवा: उणे 18 ते उणे 24 डीबीएम चांगला, उणे 27 च्या खाली गेला की जोडणी तुटते. पहिल्या दिवशीच उणे 26 दाखवत असेल तर जोड पुन्हा करून घेतल्याशिवाय सही करू नका.

परदेशातही हेच चाललंय का? – एक वाचक, न्यू जर्सी

अमेरिकेत घसरण जास्त आहे. 1994 मध्ये सुरू झालेली डायरेक्टीव्ही ही छत्रीवाली कंपनी एटी अँड टी या दूरसंचार कंपनीने 2015 मध्ये सुमारे 49 अब्ज डॉलरना घेतली आणि दहा वर्षांत तिच्यातून पूर्ण अंग काढून घेतलं. 2024 मध्ये डायरेक्टीव्ही तिथल्याच डिश या प्रतिस्पर्धी कंपनीचा टीव्ही व्यवसाय 1 डॉलर आणि त्याचं कर्ज एवढ्यावर घेणार होती. रोखेधारकांनी तोटा सोसायला नकार दिला आणि नोव्हेंबरात व्यवहार मोडला. आपल्याकडेही टाटा प्ले आणि एअरटेलच्या डीटीएचच्या विलीनीकरणाची बोलणी मे 2025 मध्ये थांबली.

रिचार्ज बंद केला. छत्री गच्चीवर तशीच आहे. तिच्यावर फ्री डिश लागेल का? – एक वाचक, बारामती

लागेल. छत्री आणि खांब तेच चालतात, दिशा बदलावी लागते. फ्री डिश 93.5 अंश पूर्वेच्या जीसॅट-15 वर आहे. तुमची छत्री 83 अंशावर असेल तर पुणे-बारामती भागात तिचं तोंड दक्षिण-आग्नेयेला, उत्तरेपासून सुमारे 153 अंशांवर असतं. ते 132 अंशांवर, जवळजवळ बरोबर आग्नेयेला आणा, म्हणजे दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिल्यावर आताच्या दिशेपासून डावीकडे 21 अंश. उंचीचा कोन 66 वरून 59 वर येतो, सात अंश खाली. छत्री दिसायला याहून बरीच उभी वाटेल, कारण तिचा एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला असतो. होकायंत्र लोखंडी खांबापासून दोन पावलं दूर धरा.

एलएनबीवर 9750/10600 छापलेलं आहे का पाहा. नसेल तर नवा युनिव्हर्सल एलएनबी घ्या. फ्री डिशच्या बॉक्समध्ये 11090, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट 29500 भरा, आणि एकाला क्वालिटीच्या आकड्यासमोर बसवा. छत्री बोटभर सरकवा, दोन-तीन सेकंद थांबा, मग पुढे. क्वालिटी आली की आधी आडवी दिशा, मग उंची, शेवटी एलएनबी स्वतःभोवती थोडा फिरवून आकडा वर न्या. नट आळीपाळीने आवळा. एकच पूर्ण आवळला की छत्री ओढली जाते आणि मिळवलेला आकडा जातो.

नव्या टीव्हीत डीव्हीबी-एस2 ट्यूनर असेल तर बॉक्सही लागत नाही. वायर टीव्हीलाच लावा आणि मेनूत एलएनबीची वीज चालू करा. बॉक्स घ्यायचाच झाला तर एमपीईजी-4 चा घ्या. जुन्या एमपीईजी-2 च्या बॉक्सवर फ्री डिशच्या काही वाहिन्या दिसत नाहीत.